मर्ल ओबेरॉनच्या चेहऱ्यावरचा उजेड

मार्च १९३६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ऑस्कर पारितोषिकांचा समारंभ झाला, तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनांत मुंबईत जन्मलेल्या एका पंचवीस वर्षांच्या मुलीचे नाव होते. ‘द डार्क एंजल’ या १९३५ सालच्या चित्रपटासाठी मर्ल ओबेरॉनला हे नामांकन मिळाले होते. पारितोषिक बेटी डेव्हिसने नेले. मर्लविषयी त्या काळात जे काही छापून येत होते, त्यात मुंबई कोठेही नव्हती. ती ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर, होबार्ट शहरात, एका प्रतिष्ठित गोऱ्या कुटुंबात जन्मली, असे जगाला सांगितले गेले होते. २०२३ साली मिशेल यो यांना याच पारितोषिकासाठी नामांकन मिळाले, तेव्हा बातम्यांमध्ये ‘स्वतःची आशियाई ओळख सांगणारी पहिली अभिनेत्री’ अशी जपून केलेली शब्दरचना दिसत होती. ती जपणूक मर्लमुळे होती. तिच्यानंतर सत्त्याऐंशी वर्षांनी तिचे नाव पुन्हा निघाले, आणि तेही ‘जिने सांगितले नाही ती’ म्हणून.

मर्लची कथा बहुतेक वेळा एखाद्या रहस्यकथेसारखी सांगितली जाते: गुपित होते, ते दडवले, मग उघडे पडले. मला त्या सांगण्याचा त्रास होतो. त्यात एका तरुण मुलीने जवळजवळ पन्नास वर्षे रोज केलेले कष्ट दिसत नाहीत. दुसऱ्या वंशाची म्हणून खपून जाणे हे एकदा खोटे बोलून संपणारे काम नाही, आणि ते करणारी स्त्री जर विलक्षण सुंदर असेल, तर ते काम कैक पटींनी अवघड होते. साधारण चेहऱ्याच्या माणसाला गर्दीत मिसळून जाता येते. जिच्याकडे सगळे वळून पाहतात, तिला मात्र आपले लपणे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पार पाडावे लागते. मर्लच्या बाबतीत तर तिचा चेहरा चाळीस फुटी पडद्यावर दाखवला जात होता.

तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ चा. पूर्ण नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईला अपोलो बंदरावर उतरले, ज्याची आठवण म्हणून पुढे गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले. त्या राणीच्या सन्मानार्थ घरात या मुलीला ‘क्वीनी’ म्हणू लागले, असे तिचे चरित्रकार सांगतात. घर मात्र राजेशाही नव्हते. शार्लट सेल्बी ही सिलोनहून आलेली युरेशियन, म्हणजे युरोपीय-आशियाई मिश्र वंशाची स्त्री. तिच्यात माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, रक्ताचाही अंश होता. तिच्यासोबत राहणारा आर्थर थॉम्पसन हा रेल्वेत काम करणारा इंग्रज यंत्रतज्ज्ञ होता. क्वीनीला शार्लट आई म्हणून माहीत होती. प्रत्यक्षात तिला जन्म दिला होता तो शार्लटच्या मुलीने, कॉन्स्टन्सने, आणि त्या वेळी कॉन्स्टन्स स्वतः जेमतेम बारा-चौदा वर्षांची होती. बाप आर्थरच. एका लहान मुलीवर घरातच झालेल्या अत्याचाराला झाकण्यासाठी आजीने नातीला मुलगी म्हणून वाढवले, आणि कॉन्स्टन्स तिची मोठी बहीण ठरली. वंशाचे खोटे नंतर आले. त्याआधी हे घरचे खोटे होते, आणि ते क्वीनीने रचलेले नव्हते. तिच्यावर ‘खोटारडी’ असा शिक्का मारणाऱ्यांनी ही क्रमवारी ध्यानात घ्यायला हवी असे मला वाटते.

आर्थर पहिल्या महायुद्धात गेला आणि परतला नाही. १९१७ च्या सुमारास शार्लट मुलीला घेऊन कलकत्त्याला गेली. तिथे क्वीनीला ला मार्टिनिअर या नामवंत शाळेत शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, पण मिश्र वंशावरून होणाऱ्या चिडवण्यामुळे तिने ती शाळा सोडली. अँग्लो-इंडियन समाजाची त्या काळची स्थिती अशी होती की रेल्वे, तार, टेलिफोन आणि कस्टम या खात्यांतल्या ठरावीक पायरीपर्यंतच्या नोकऱ्या त्यांच्यासाठी जणू राखलेल्या असत, पण साहेबांच्या क्लबाचे दार त्यांना बंद असे. समाजाच्या आतही रंगाची उतरंड होती. एकाच आईच्या पोटच्या दोन भावंडांपैकी गोऱ्या भावंडाला इंग्रज म्हणून खपता येई आणि सावळ्याला घरी येण्याविषयी सावध केले जाई. उच्चारांवरून तर माणूस लगेच ओळखू येई. त्या बोलण्याला साहेब लोक ‘ची-ची’ म्हणून हिणवत. त्यामुळे वर चढू पाहणाऱ्या मुलीला आपली कातडी, आपली जीभ आणि आपली आई, या तिन्हींचा बंदोबस्त करावा लागत असे.

क्वीनी कलकत्त्यात टेलिफोन ऑपरेटर झाली. संध्याकाळी हौशी नाटक मंडळीत काम करू लागली, फिर्पोसारख्या उपाहारगृहांत जाऊ लागली. ती सुंदर आहे हे एव्हाना सगळ्यांना कळले होते, तिलाही कळले होते. पैसा, घराणे, शिक्षण यांपैकी काहीही हाती नसलेल्या मुलीजवळ सौंदर्य हे एकच भांडवल होते, आणि ते भांडवल फार विचित्र असते. ते इतरांच्या डोळ्यांत साठवलेले असते, त्यामुळे त्याची किंमत तेच ठरवतात. एका सधन गोऱ्या माणसाशी तिचे प्रेम जमले. चरित्रकार सांगतात की तो एकदा तिच्या घरी आला, त्याने शार्लटला पाहिले, तिचा काळसर वर्ण पाहिला, आणि त्याचा विचार बदलला. त्याने तिला दक्षिण फ्रान्समध्ये नीस येथे चित्रपट बनवणाऱ्या रेक्स इंग्रॅम या दिग्दर्शकाची ओळख करून देण्याचे आश्वासन दिले आणि स्वतः बाजूला झाला. क्वीनी आणि शार्लट युरोपला निघाल्या.

मुलीच्या चेहऱ्यावर समाधान होत नाही म्हणून आईचा रंग पाहणे, हा प्रकार मला कलकत्त्याइतका लांबचा वाटत नाही. माझी आई सावळी आहे आणि मी वडिलांच्या वळणावर गेले आहे. लहानपणापासून लग्नकार्यांत बायकांची नजर आधी माझ्यावर आणि मग आईवर जाताना मी पाहिली आहे. ‘मुलगी वडिलांवर गेली, बरे झाले’ हे वाक्य आईच्या समोर, कौतुक म्हणून बोलले जाई. माझ्या पाहण्याच्या कार्यक्रमाला आई स्वयंपाकघरातच राहिली आणि पोह्यांच्या बश्या माझ्या आत्याने बाहेर आणल्या. आईला कोणी तसे सांगितले नव्हते. तिने ते स्वतःच ठरवले होते, आणि घरातल्या कोणालाही, मलाही, त्यात विचारण्यासारखे काही वाटले नाही. आमच्या घरातील ही गोष्ट आणि वंशभेदाच्या कायद्यांखाली जगलेल्या स्त्रीची गोष्ट एकाच मापाने मोजता येणार नाही, हे मला मान्य आहे. आईच्या रंगामुळे मला कोणत्याही देशाने दार बंद केले नसते. तरीही शार्लटविषयी वाचताना मी जिथे थांबते, तिथे थांबण्याचे कारण ते स्वयंपाकघर आहे.

शार्लट लंडनला मर्लसोबत राहिली, ती मोलकरीण म्हणून. पाहुणे येत, तेव्हा घरात वावरणारी ही सावळी बाई मर्लची नोकर आहे असे त्यांना वाटे, आणि तसे वाटू दिले जाई. १९३७ साली शार्लट वारली. त्यानंतर बारा वर्षांनी, १९४९ मध्ये, मर्लने एका जुन्या छायाचित्रावरून तिची चित्रे रंगवून घेतली आणि चित्रकाराला तिचा वर्ण उजळ करायला सांगितले. ती चित्रे मर्लच्या घरांत तिच्या मृत्यूपर्यंत होती. लोक या प्रसंगाकडे दांभिकपणाचा पुरावा म्हणून पाहतात. मला तसे वाटत नाही. जिला आयुष्यभर भिंतीवर टांगता आले नाही, तिला टांगण्याची ही एकच वाट तिला सापडली होती. आईला विसरायचेच असते, तर चित्र काढून घेण्याची गरज नव्हती. पण आईला आठवायचे तर आधी तिला गोरे करावे लागते, ही अट ज्या जगाने घातली, त्या जगाविषयी मला राग येतो.

त्याच काळात मुंबईत नेमका उलटा प्रवास चालू होता, आणि मराठी वाचकाला तो ठाऊक असायला हवा. रुबी मायर्स ही १९०७ साली पुण्यात, ज्यू कुटुंबात जन्मलेली मुलगी. तीही टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला चित्रपटात आणले आणि ती ‘सुलोचना’ झाली, मूकपटांच्या काळातली सर्वांत मोठी तारका. कलकत्त्याची रेनी स्मिथ ‘सीता देवी’ या नावाने पडद्यावर आली. कुलीन हिंदू घरांतल्या स्त्रिया तेव्हा चित्रपटांत येत नसत, म्हणून गोऱ्या किंवा उजळ वर्णाच्या अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींना हिंदू नावे देऊन नायिका केले जाई. टेलिफोनच्या खोलीतून निघालेल्या दोन मुलींपैकी एक हिंदू नाव घेऊन मुंबईची राणी झाली आणि दुसरी इंग्रजी नाव घेऊन हॉलिवूडला गेली. फरक असा की सुलोचना ही मूळची कोण, हे सर्वांना माहीत होते आणि त्याने तिचे काही बिघडले नाही. बोलपट आले, तेव्हा हिंदुस्थानी नीट येत नसल्याने तिला काही काळ थांबावे लागले, ती भाषा शिकली आणि परतली. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. तिच्या नावबदलामागे रसिकांची सोय होती; मर्लच्या नावबदलामागे कायदा आणि भीती होती.

कायद्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, त्यात हिंदुस्थानही, स्थलांतरासाठी बंद केला होता. १९२३ साली नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वाच्या दृष्टीने ‘गोरा’ नाही. ही बंदी थोडीशी सैल झाली ती १९४६ मध्ये. हॉलिवूडची स्वतःची नीतिसंहिता १९३४ पासून कडकपणे अमलात आली, आणि वेगवेगळ्या वंशांतील प्रेमसंबंध दाखवण्यास तिच्यात मनाई होती. गोऱ्या नायकासमोर आशियाई नायिका उभी करणे त्यामुळे जवळजवळ अशक्य झाले. लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली चिनी वंशाची ॲना मे वाँग ही त्या काळातली मोठी अभिनेत्री होती. चिनी शेतकऱ्यांवरील चित्रपटातील मुख्य स्त्री भूमिकासुद्धा तिला मिळाली नाही, ती लुइझा रायनर या युरोपीय अभिनेत्रीला मिळाली आणि त्यासाठी रायनरला ऑस्करही मिळाले. मर्लने खरे सांगितले असते तर काय झाले असते, याचे उत्तर ॲना मे वाँगच्या कारकिर्दीत लिहिलेले आहे.

टास्मानियाची कल्पना मर्ल आणि लंडनची प्रसिद्धी यंत्रणा यांच्यातून आली. तिला पुढे आणणारे निर्माते अलेक्झांडर कोर्डा हे स्वतः हंगेरीतून आलेले ज्यू होते आणि त्यांचे मूळ आडनाव केल्नर होते. नवे नाव घेऊन नव्या देशात उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. टास्मानिया निवडण्यात हुशारी होती. ते इंग्रजांचे होते, म्हणून गोरे होते. आणि ते इतके दूर होते की चौकशीला कोणी जाणार नव्हते. १९३३ मध्ये कोर्डांच्या आठव्या हेन्रीवरील चित्रपटात मर्ल ॲन बोलीनच्या छोट्या भूमिकेत दिसली आणि लोक तिच्याविषयी विचारू लागले. सुरुवातीच्या भूमिकांत तिच्या डोळ्यांना, केसांना मुद्दाम ‘पौर्वात्य’ वळण दिले जाई. गूढ, परकी, मोहक अशी तिची प्रतिमा होती. ‘द डार्क एंजल’साठी हॉलिवूडचे निर्माते सॅम्युअल गोल्डविन यांनी ते सगळे उतरवले आणि तिला साधी इंग्रज मुलगी केले, आणि त्या भूमिकेनेच तिला नामांकन मिळवून दिले. आशियाई रक्ताच्या मुलीला आधी आशियाई दिसण्यासाठी रंगवले गेले आणि नंतर इंग्रज दिसण्यासाठी धुतले गेले. दोन्ही वेळा तिच्या चेहऱ्यावर दुसऱ्यांचा हात होता.

या चेहऱ्याची देखभाल कशी होत असे, यावर मला थोडे थांबायचे आहे, कारण सौंदर्याचे ओझे म्हणतात ते इथे शब्दशः कातडीवर उतरते. तिने त्वचा उजळ करणारे उपचार केले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्या काळातल्या अशा मलमांमध्ये पाऱ्याचे संयुग असे. पारा कातडीतला काळसर रंग तयार होण्याची प्रक्रिया अडवतो, म्हणून वर्ण उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे खराब करतो, आणि लावणे थांबवले की रंग परत येतो, म्हणून ते थांबवता येत नाही. १९४० च्या सुमारास सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा आणि सल्फा औषधांची ॲलर्जी मिळून मर्लच्या चेहऱ्याची त्वचा बिघडली. कोर्डांनी तिला न्यूयॉर्कच्या त्वचातज्ज्ञाकडे पाठवले. तिथे कातडीचा वरचा थर खरवडून काढण्याच्या शस्त्रक्रिया वारंवार झाल्या. त्यांनी फार काही साधले नाही. रंगभूषेशिवाय खड्डे आणि व्रण दिसत राहिले. त्याआधी १९३७ मध्ये मोटार अपघातात तिच्या चेहऱ्याला इजा झाली होती आणि चालू असलेला चित्रपट बंद करावा लागला होता.

मग छायालेखक ल्यूशियन बॅलार्ड यांनी उपाय काढला. १९४४ च्या ‘द लॉजर’ या चित्रपटासाठी त्यांनी कॅमेऱ्याच्या भिंगाच्या अगदी लगत एक लहान दिवा बसवला. प्रकाश भिंगाच्या दिशेनेच चेहऱ्यावर सरळ पडला की खाचखळगे सावली टाकत नाहीत, त्वचा सपाट आणि उजळ दिसते. त्या दिव्याला तिच्या नावावरून ‘ओबी’ म्हणतात आणि तो आजही वापरला जातो. बॅलार्ड आणि मर्ल यांचे १९४५ मध्ये लग्न झाले. ते चार वर्षे टिकले. दिव्याच्या या शोधाकडे चित्रपटाच्या इतिहासात प्रेमकथा म्हणून पाहिले जाते, आणि त्यात प्रेम असेलही. मला मात्र त्यात एक स्त्री दिसते, जिच्यासाठी प्रकाश कोणत्या कोनातून येतो हा रोजचा प्रश्न होता. उन्हात बसणे, रंगभूषेशिवाय दार उघडणे, वय होऊ देणे, यांतली कोणतीही गोष्ट तिला सहज करता येत नव्हती. पाऱ्याची मलमे इतिहासजमा झाली, असेही समजू नये. अगदी अलीकडे अकोल्यातल्या एकाच घरातील स्त्रियांची मूत्रपिंडे गोरेपणाच्या मलमामुळे बिघडल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. आपल्याकडे १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध क्रीमने २०२० साली नावातला गोरेपणा काढला. गोरेपणाची मागणी अजून तशीच आहे.

१९३९ चा ‘वुदरिंग हाइट्स’ ही तिची सर्वांत लक्षात राहिलेली भूमिका. एमिली ब्राँटेच्या मूळ कादंबरीत हीथक्लिफ हा काळसर वर्णाचा, कोठून आला ते कोणालाच माहीत नसलेला मुलगा आहे. त्याला पाहून एक गृहस्थ म्हणतो की हा एखादा छोटा लस्कर असावा. घरातली दाई त्याची समजूत घालताना म्हणते की कोणास ठाऊक, तुझी आई हिंदुस्थानची राणीही असेल. लस्कर म्हणजे इंग्रजांच्या जहाजांवर राबणारे हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरचे खलाशी, आणि त्यांत आपल्या कोकणातले पुष्कळ होते. चित्रपटात हीथक्लिफ झाला तो इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि यॉर्कशायरच्या माळरानावरची गोरी कॅथी झाली ती मुंबईची मर्ल. काळ्या रंगामुळे नाकारलेल्या त्या पुरुषाची वेदना त्या संचावर एकाच व्यक्तीला आतून कळत होती, आणि तिला त्याला नाकारणाऱ्या मुलीचे संवाद बोलायचे होते. मी हा चित्रपट पाहते, तेव्हा तिचा अभिनय मला अनेक समीक्षकांपेक्षा अधिक चांगला वाटतो. कॅथी आपल्या मनाविरुद्ध प्रतिष्ठेच्या घरात लग्न करते आणि ज्याच्याशी तिचे रक्त जुळते त्याला दाराबाहेर ठेवते. ते तोलून धरणे मर्लला शिकवावे लागले नसेल.

दुसरी वाट होती का, असे विचारले जाते आणि उत्तर म्हणून फ्रेडी वॉशिंग्टनचे नाव पुढे येते. ती अमेरिकन कृष्णवर्णीय अभिनेत्री, १९०३ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना येथे जन्मलेली. इतकी गोरी की हवे असते तर तिला कोणीही अडवले नसते. तिने गोरी म्हणून खपून जायला आयुष्यभर नकार दिला. १९३३ च्या एका चित्रपटात तिच्या चेहऱ्याला काळा रंग लावावा लागला, कारण कृष्णवर्णीय नायक पॉल रोबसन गोऱ्या स्त्रीला जवळ घेत आहे असे प्रेक्षकांना वाटले असते. १९३४ च्या ‘इमिटेशन ऑफ लाइफ’मध्ये तिने नेमकी अशाच मुलीची भूमिका केली, जी गोरी म्हणून जगण्यासाठी आपल्या काळ्या आईला ओळख दाखवत नाही. लोकांनी ती भूमिका तिच्यावरच चिकटवली आणि तिला वारंवार सांगावे लागले की मी तशी नाही. पुढे तिने कृष्णवर्णीय कलाकारांची संघटना उभारण्यात भाग घेतला आणि पत्रकारिताही केली. चित्रपटांत मात्र तिला जागा उरली नाही: मोलकरणीच्या भूमिकांसाठी ती फार गोरी आणि नायिकेसाठी ती काळी. फ्रेडीविषयी मला अतोनात आदर आहे. परंतु तिचे उदाहरण देऊन मर्लला कमी लेखणे मला पटत नाही. फ्रेडीच्या पाठीशी हार्लेममध्ये, न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत, एक जिता समाज होता, जो तिला आपली म्हणत होता. मर्लच्या पाठीशी कोण होते? अँग्लो-इंडियनांतही ती खालच्या पायरीवरची, हिंदुस्थान्यांच्या दृष्टीने परकी, इंग्रजांच्या दृष्टीने मिसळीची. परत जाण्यासाठी तिच्याकडे घरच नव्हते, आणि जे होते त्यात कॉन्स्टन्सची गोष्ट दडवलेली होती.

किंमत इतरांनीही दिली, हे मी नाकारत नाही. कॉन्स्टन्सला पुढे आणखी मुले झाली. त्यांतला एक मुलगा मर्लला भेटायला लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा तिने त्याला भेट नाकारली. आधी तो तिला बहीण समजत नव्हता, मावशी समजत होता. मुंबईतली जन्मनोंद पाहिल्यावर त्याला कळले की ती त्याचीच बहीण आहे. त्या नोंदीत आईच्या जागी कॉन्स्टन्सचे नाव होते. सख्ख्या आईविषयी मर्लला कितपत ठाऊक होते आणि दार बंद करताना ती नेमके कोणाला बाहेर ठेवत होती, या प्रश्नाला मी पुन्हा पुन्हा येते. त्या भावाविषयी मला वाईट वाटते. त्याने तिची बदनामी केली नाही, हे मी आवर्जून लिहिते.

१९७८ मध्ये, मृत्यूच्या एक वर्ष आधी, मर्ल होबार्टला गेली. शहराने आपल्या कन्येचे नगरभवनात स्वागत ठेवले होते. सदुसष्ट वर्षांच्या त्या स्त्रीला एका अनोळखी शहरात आपले बालपण आठवल्यासारखे दाखवायचे होते, आणि ते तिला जमले नाही. ती अस्वस्थ झाली आणि समारंभात फार वेळ थांबली नाही. २३ नोव्हेंबर १९७९ रोजी मालिबू येथे तिचे निधन झाले. १९८३ मध्ये आलेल्या चरित्राने मुंबईचा जन्म जाहीर केला. टास्मानियात मात्र तिच्यावरचा हक्क सोडायला पुष्कळ लोक तयार नव्हते. तिथल्या एका आख्यायिकेनुसार ती एका हॉटेलात काम करणाऱ्या चिनी वंशाच्या गरीब स्त्रीची मुलगी होती, जिला दुसरीकडे वाढवायला दिले गेले. म्हणजे ज्या बेटाची निवड ते निखळ गोरे वाटावे म्हणून झाली होती, तिथल्या लोकांनीसुद्धा तिला मिश्र रक्ताची आणि आईपासून तुटलेली मुलगी म्हणूनच आठवणीत ठेवले, आणि तरीही तिला आपलीच मानले. मुंबईने तसे कधी केल्याचे माझ्या वाचनात नाही. शहराच्या चित्रपट-इतिहासात सुलोचनावर लिहिले जाते, सीता देवीवर लिहिले जाते. मर्लचे नाव आले तर ‘हिचा जन्म इथला होता’ एवढ्या एका ओळीत येते. त्या ओळीच्या मागे शार्लट आणि कॉन्स्टन्स आहेत, आणि या दोघींनी तर कोणतेही नाव बदलले नव्हते.